दोन मिनिटांची स्तब्धता

माझ्या डाव्या हाताची करंगळी भाजी चिरताना सरळ असते. आईच्या गोळ्यांची पाकिटं फोडताना, हुक लावताना, मोबाइल धरताना तिचं काहीही बिनसत नाही. चेलो पुढ्यात घेतला आणि तारेवर हात ठेवला, की ती आत वळते आणि तळहाताला चिकटून बसते. मी ओढून बाहेर काढते, ती परत आत जाते. दुखत नाही, सुजत नाही, मुंग्या येत नाहीत. फक्त ऐकत नाही.

हे सुरू झालं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी अख्खा कन्चेर्टो लिहीत होतं. कन्चेर्टो म्हणजे मागे साठ-सत्तर माणसांचा ऑर्केस्ट्रा आणि पुढे मधोमध एकच वादक. मी बावीस वर्षं त्या मागच्या साठ-सत्तरांतली एक होते. चेलोंच्या शेवटच्या रांगेत, खांबाला लागून. पुढची खुर्ची बाहेरून आलेल्या पाहुण्याची. तो यायचा, वाजवायचा, फुलं घ्यायचा, आणि आम्ही आपापले गज हलवून त्याचं कौतुक करायचो. वाईट वाटायचं का? वाटायचं, खोटं कशाला बोलू. काही पाहुणे माझ्यापेक्षा बरे वाजवायचे आणि काही नाही वाजवायचे, आणि दोघांनाही फुलं सारखीच मिळायची.

नायगावच्या चाळीतल्या पोरीच्या हातात चेलो कसा आला, हे लोक फार उत्सुकतेने विचारतात आणि उत्तर ऐकून हिरमुसतात. शाळेजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी व्हायोलिनचा वर्ग असायचा. शिकवणारे सर गोव्याचे, सगळं आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये घालवलेले. मी बारा वर्षांची आणि सगळ्यांत उंच. सरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, कोपऱ्यातल्या चेलोकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "टॉल गर्ल, तू वो उठा." बाकी कोणाला ते धूड उचलायचं नव्हतं. मी उचललं. यात दैवाचा वगैरे काही हात नाही, उंचीचा आहे.

पुढची सात-आठ वर्षं चाळीने मला सहन केलं. खोलीत चेलो आणि माणसं एका वेळी मावत नसत, म्हणून मी बाहेर पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसायचे. शेजारच्या काकू पाणी भरायला निघाल्या की म्हणायच्या, "आज तुझा रेडा लवकर उठला गं." पण बंद कर असं कोणी म्हणालं नाही. वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही. तेराव्याबिराव्याचं आमच्यात काही नसतं, पण तरी मला वाटलं होतं की आता कोणीतरी बोलेल. आईनेच स्टूल बाहेर काढून ठेवलं. ती महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, घंटा द्यायचं काम तिचंच, त्यामुळे कुठलीही गोष्ट वेळेवर सुरू झाली पाहिजे असा तिचा खाक्या. "बस आणि घास," म्हणायची. मी घासलं. मला फार अक्कल नव्हती, फार प्रतिभाही नव्हती, पण घासण्यात मी कोणाला हार गेले नाही.

कन्चेर्टो लिहिणारा मूळचा गिरगावचा. मी ऑर्केस्ट्रात नवीन होते तेव्हा तो वर्षभर आमच्यात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवायचा, वाईट वाजवायचा, आणि ते त्याला माहीत होतं म्हणून आमची दोस्ती झाली. मग तो परदेशी गेला, संगीतरचना शिकला, तिकडेच शिकवू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याला आमच्या ऑर्केस्ट्रासाठी नवीन काहीतरी लिहून मागितलं गेलं. त्याने अट घातली की सोलो मीच वाजवायचा. हे मला त्याने सांगितलं नाही, ऑर्केस्ट्राच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, जरा आश्चर्याने.

पहिल्या मसुद्यात त्याने गिरणीचा भोंगा घातला होता, ट्रॉम्बोनच्या पितळी आवाजात. मी फोन केला.

"तू गिरगावचा ना? तुला भोंगा कुठे ऐकू आला?"

"अगं, तुझ्या घरचा संदर्भ म्हणून—"

"माझा बाप गिरणीत होता, मी नव्हते. मला शाळेची घंटा आठवते. काढ ते."

त्याने मुकाट्याने काढलं. मग म्हणाला, "हात दाखव." मी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डावा हात धरला. त्याने बोटं पसरायला सांगितली, मिटायला सांगितली. "तुझ्या हातातली सगळ्यांत चांगली गोष्ट कुठली?"

"करंगळी," मी म्हटलं. "बहुतेकांची लुळी असते. माझी दणकट आहे. सरांनी दोन वर्षं नुसती तिलाच पिळलीय."

आणि त्या गाढवाने शेवटचं पान माझ्या करंगळीवर उभं केलं.

कन्चेर्टो अठ्ठावीस मिनिटांचा होता. सुरुवातीला चेलो एकटा सगळ्यांत जाड तारेवर बोलतो. मग ऑर्केस्ट्रा हळूहळू त्याच्यावर चढत जातो, आधी सौजन्याने, मग दांडगाईने. चेलो ओरडायला लागतो आणि तरी ऐकू येत नाही. शेवटी सगळे मिळून एक दणका देतात आणि थांबतात. मग काहीच नाही. जवळजवळ दोन मिनिटं काहीच नाही. कंडक्टरने हात वर धरून ठेवायचे, कोणी हलायचं नाही, आणि ही शांतता कधी संपवायची ते सोलो वाजवणाऱ्याने ठरवायचं. त्याला वाटेल तेव्हा त्याने शेवटचं पान सुरू करायचं. त्या पानावर ऑर्केस्ट्रा नाही. करंगळी खालच्या तारेवर एक सूर दाबून धरते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वरच्या तारेवर उरलेली तीन बोटं एक चाल वाजवतात. खालचा सूर सुटला की वरच्याला जागाच उरत नाही. चाल अगदी साधी, पाचच सुरांची. कुठून आली विचारलं तर तो म्हणाला, माहीत नाही. ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. मागच्या रांगेत बावीस वर्षं बसून मी कशाची वाट बघत होते ते मला त्या पानावर दिसलं.

ते पान हातात आल्यावर तीन आठवड्यांनी करंगळी पहिल्यांदा वळली.

मला वाटलं थकली असेल. मी सराव वाढवला. रोज चार तास बसायचे ते सहा तास बसू लागले. ती आणखी वळली. तेल लावलं, शेक दिला, पट्टी बांधली. शेवटी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आणि सभ्य होता. त्याने मला चेलो घेऊन यायला सांगितलं होतं, तेव्हा मी त्याच्या केबिनमध्ये बसून वाजवलं. बाहेर रांगेतली माणसं दारातून डोकावली.

"बोटाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मेंदूत प्रत्येक बोटाची जागा ठरलेली असते. एकच हालचाल वर्षानुवर्षं केली की कधीकधी त्या जागा एकमेकांत मिसळतात. तुमच्या मेंदूला आता करंगळी वेगळी दिसत नाही. म्हणजे, चेलो वाजवताना दिसत नाही."

"मग किती सराव करू?"

त्याने मान हलवली. "सरावानेच झालंय. जितका कराल तितकं वाढेल."

मी हसले. खरंच हसू आलं. ज्यांनी ज्यांनी मला आयुष्यात काही शिकवलं त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती, आणि तीच आता विष निघाली. इंजेक्शन आहेत, व्यायाम आहेत, काहींना थोडा फरक पडतो, पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही. तो खरं बोलत होता, म्हणून त्याच्यावर चिडताही येईना. मी चेलो पेटीत भरला आणि लालबागपर्यंत चालत आले. आमची चाळ पाडायला घेतल्यापासून आई आणि मी तिथे एका इमारतीत तात्पुरत्या खोलीत राहतो. आईने विचारलं, "काय म्हणाला?" म्हटलं, "थंडीने आखडलंय." मुंबईतली थंडी. तिने मान डोलावली.

मी कोणालाच सांगितलं नाही. संगीतकारालाही नाही. एका फोनचं काम होतं. त्याने ते पान दोन दिवसांत बदलून दिलं असतं, तीन बोटांचं केलं असतं. पण ही गोष्ट ऑफिसात कळली असती, आणि मग पुढच्या खुर्चीसाठी बाहेरून कोणीतरी मागवला गेला असता, आणि मी परत खांबाला लागून बसले असते, माझाच कन्चेर्टो मागून वाजवत. हे मला सहन झालं नसतं. हा माझा गर्व होता, आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नाही. बाकीच्या पानांवर मी करंगळीला वगळून बोटं नव्याने बसवली. तीन बोटांनी चार बोटांचं काम. बरंचसं जमलं. शेवटच्या पानावर मात्र पळवाट नव्हती. मी रोज सकाळी एकदाच ते पान काढायचे, एकदाच बोट ठेवायचे. दहा दिवसांतून एखाद्या दिवशी ती राहायची. त्या एका दिवसावर मी कार्यक्रमाची तारीख जवळ येऊ दिली.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ऑफिसातून फोन आला की इंग्रजी माहितीपत्रकाबरोबर यंदा एक पान मराठीतही द्यायचंय, संगीतकार इथला आहे, सोलोइस्ट इथली आहे, आणि मराठी नीट लिहिणारं दुसरं कोणी नाही. मी बसले लिहायला. सगळं सरळ होतं, त्या दोन मिनिटांपाशी अडले. शांतता लिहिलं तर हॉस्पिटलातल्या पाटीसारखं वाटत होतं. विराम म्हटलं की शाळेतलं व्याकरण. मौन म्हटलं की कोणीतरी उपासाला बसलंय. मग मला शब्द सुचला आणि मी स्वतःवर खूश झाले. लिहिलं: "यानंतर दोन मिनिटांची स्तब्धता. त्यानंतर चेलो एकटा." कसा भारदस्त दिसत होता कागदावर. वाचून बघणारं कोणी नव्हतं, तसाच छापला गेला.

चाळ पांगली होती. कोणी कॉटन ग्रीनला, कोणी शिवडीला, कोणी थेट बदलापूरला. आईने ग्रुपवर निरोप टाकला आणि अठ्ठावीस माणसं दादरला जमून मिनी बस करून आली. रेडा म्हणणाऱ्या काकूही आल्या, आता काठी घेऊन. सगळ्यांनी कार्यक्रमाचे कपडे घातले होते. बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, निळ्या काठांच्या. त्या सभागृहात इतक्या पांढऱ्या साड्या एकत्र कधी आल्या नसतील. आई सहाव्या रांगेत कडेला बसली, मराठीचं पान हातात नीट घडी करून.

सकाळच्या तालमीत मी कंडक्टरला म्हणाले होते की शेवटचं पान मी संध्याकाळसाठी राखून ठेवते. तो परदेशी पाहुणा, फार समजूतदार. त्याला वाटलं हा काहीतरी कलावंतांचा प्रकार असेल. "ऑफ कोर्स," म्हणाला. ऑर्केस्ट्रातल्या माझ्या शेजाऱ्याने तेवढी एक भुवई वर केली.

संध्याकाळी मी चांगलं वाजवलं. हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. तीन बोटांनी, घामाने निथळत, पण मी त्या ऑर्केस्ट्राशी भांडले, आणि भांडता मला येतं. दणका आला. सगळे थांबले. कंडक्टरचे हात हवेत राहिले.

मी करंगळी बघितली. ती आत होती, पूर्ण.

मी ती उजव्या हाताने काढली नाही, कारण सगळे बघत होते. मी तिला नुसतं मनातून सांगत राहिले. ये बाहेर. आजच्या दिवस ये. एकदा हलली, तारेपर्यंत आली, टेकली, आणि मी गज उचलायच्या आत परत गेली. अर्धं मिनिट झालं असेल. मी पुन्हा सांगितलं. मिनिट झालं. मला आठवतंय की मी त्या वेळी अगदी साधा विचार करत होते, की आता उठून सॉरी म्हणायचं की नुसतं उठायचं.

तेव्हा खुर्ची वाजली. सहाव्या रांगेत आई उभी राहिली.

हात सरळ, मान खाली. तिच्या शेजारच्या काकू काठीवर भार देऊन उठल्या. मग त्यांच्या मागची रांग. मग आमची चाळ, सगळी. कोणी चुळबूळ केली नाही, कोणी इकडेतिकडे बघितलं नाही. आणि मला माझा शब्द आठवला. दोन मिनिटांची स्तब्धता. आमच्यात सभा कसलीही असो, जयंती असो, सोसायटीची मीटिंग असो, कोणी गेलेलं असलं की अध्यक्ष तेवढंच म्हणतात आणि सगळे उठतात. तो शब्द आमच्याकडे दुसऱ्या कशासाठी वापरतच नाहीत. मला हे माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. मी भारदस्त शब्द शोधत बसले आणि माझ्याच लोकांना कोणीतरी मेल्याचं कळवून मोकळी झाले.

पुढच्या रांगांतल्या लोकांनी मागे वळून बघितलं. पांढऱ्या साड्यांमधली माणसं माना खाली घालून उभी आहेत म्हटल्यावर त्यांनाही बसवेना. एक म्हातारे गृहस्थ उठले, मग त्यांची बायको, मग ओळीने सगळे, बाल्कनीसुद्धा. ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले एकमेकांकडे बघून उभे राहिले, मागून बाकीचे. त्या सगळ्या सभागृहात मी एकटी बसलेली होते. अशा वेळी कोणी वाजवत नाही. जमलं असतं तरी वाजवलं नसतं, आणि जमत तर नव्हतंच. मी गज मांडीवर ठेवला.

किती वेळ गेला माहीत नाही. आई घंटा देणारी बाई, तिला दोन मिनिटं घड्याळाशिवाय कळतात. ती बसली, तसे सगळे बसले. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने हात खाली घेतले. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात. मला फुलं मिळाली.

आत तो रडत होता, संगीतकार. त्याने मला घट्ट धरलं. "तू वाजवलं नाहीस. तुला कळलं की त्याच्यानंतर काही वाजवायचं नसतं. मी सहा महिने त्या पानावर घालवले आणि तुला एका क्षणात कळलं."

"हो," मी म्हणाले. एवढंच.

टॅक्सीत आई माझ्या शेजारी बसली. फुलं तिच्या मांडीवर. ऑपेरा हाउसच्या पुढे आल्यावर म्हणाली, "बाय, कोण गेलं होतं गं?"

"कोणी नाही."

"असं कसं? स्तब्धता लिहिलंयस की. नाव तेवढं लिहायचं राहिलं तुझ्याकडून." फुलं सारखी करत म्हणाली, "मी आपली तुझ्या पप्पांना आठवून उभी राहिले. चाललं ना?"

"चाललं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. वाद्याची चौकट मोडणारा शेवट, श्रोत्यांना सामील करून घेणारं धाडस, असं बरंच काही. माझ्या वाजवण्याबद्दल एक ओळ होती, त्या शांततेबद्दल दोन परिच्छेद. आयुष्यभर घासून जे कमावलं त्याला एक ओळ, आणि जे जमलं नाही त्याला दोन परिच्छेद. मी ते कात्रण फाडून टाकलं. आईने तुकडे गोळा करून परत चिकटवले, कारण त्यात माझा फोटो होता.

महिन्याभराने संगीतकाराने सुधारलेली प्रत पाठवली. शेवटचं पान काढून टाकलं होतं. दणका, स्तब्धता, आणि खाली सूचना: सोलोइस्टने गज मांडीवर ठेवावा. पहिल्या पानावर माझं नाव, कृतज्ञतेने. पुढचा कार्यक्रम त्याच्या शहरात होता, वाजवणारा तिकडचा, तरुण, चारही बोटं धडधाकट असलेला. तो आता बरोबर तिथेच थांबणार होता जिथे मी अडकले. मी ती सूचना कितीतरी वेळ बघत बसले. मांडीवर गज कसा ठेवायचा हेसुद्धा माझ्याकडूनच घेतलं होतं.

मग मी त्याला खरं लिहिलं. तीन ओळी. मी ते मुद्दाम केलं नाही, माझं बोट चालत नाही, आठ महिने चालत नाही, ते पान परत ठेव, दुसऱ्या कोणाला तरी वाजवू दे. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. आधी बोटाबद्दल विचारलं होतं, तिकडच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला होता, हे तू मला आधी का नाही सांगितलंस म्हणून रागावला होता. ते खरं होतं, तो मनाने वाईट नाही. शेवटी लिहिलं होतं, "पण शेवट आता आहे तसाच राहू दे. तो खरंच जास्त चांगला आहे. का झाला, ते आपल्या दोघांतच ठेवू या."

तो जास्त चांगला आहे हे मलाही माहीत होतं. त्यामुळे भांडायलासुद्धा काही उरलं नाही.

इतक्यातच एका दुपारी मी कागद आवरत होते. जुन्या प्रती रद्दीत घालायच्या होत्या. आई पलंगावर बसून मेथी निवडत होती. शेवटचं पान वेगळं काढलेलं बघून म्हणाली, "ते काय?"

"ह्याचा शेवट. आता काढून टाकलाय."

"कसा होता?"

मी गुणगुणले. माझा आवाज काही गाण्यातला नाही, पण चाल पाचच सुरांची होती. दोनदा म्हटली. आईचा हात मेथीवर थांबला होता.

"मग हे का नाही वाजवलंस त्या दिवशी?" ती म्हणाली. "केवढं चांगलं आहे."

कंडक्टरला, संगीतकाराला, ऑफिसला, सगळ्यांना द्यायला माझ्याकडे काहीतरी कारण होतं. तिला मी दाखवायचंच ठरवलं. मी चेलो काढला, तिच्यासमोर बसले आणि तारेवर हात ठेवला. करंगळी वळली. मी काढली, ती परत वळली. आई बघत राहिली. ओरडली नाही, कपाळावर हात मारला नाही. तिने हात पदराला पुसला, पुढे सरकली आणि माझी करंगळी तिच्या अंगठ्याखाली तारेवर दाबून धरली. तिची बोटं आता संधिवाताने वाकडी झालीत, तिला तिथे जोर लावणं सोपं नव्हतं.

"मी धरते," म्हणाली. "तू वाजव."

मी गज लावला. खालचा सूर आला. खरबरीत होता, पण आला, आणि टिकला. मी वरच्या तारेवर चाल सुरू केली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आई श्वास धरून दाबत होती. तिसऱ्या ओळीत करंगळीशेजारचं बोट जरा जड झालं. मला वाटलं भास असेल. मग ते तारेवरून सुटलं आणि हळूच आत वळलं. हे आधी कधी झालं नव्हतं.

आईने दुसऱ्या हाताने तेही धरलं.

मी गज खाली घेतला. ती दोन्ही हातांनी माझी दोन बोटं तारेवर दाबून बसली होती, मान वर न करता.

"थांबलीस काय?" ती म्हणाली. "धरलंय मी. वाजव ना."